जितका रेणू पिवळा, तितका गुणकारी? हळदीच्या रेणूंवरच्या एका प्रबंधाचं प्रकरण

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातलं आहे. तिथल्या रसायनशास्त्राच्या संशोधन केंद्रात एक विद्यार्थिनी पीएच.डी. करत होती आणि तिच्या संशोधन सल्लागार समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून मी होतो. माझा विषय जीवरसायनशास्त्र. संबंधितांना विचारूनच हे लिहितो आहे. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे. छोट्या प्रयोगशाळेत, तुटपुंज्या साधनांवर अल्झायमरसारख्या विषयाला हात घालणारी पुष्कळ मुलं आपल्याकडे आहेत. त्यांच्या कामी यावं म्हणून प्रयोगांचा तपशील जरा सविस्तर दिला आहे.

पार्श्वभूमी

1906 साली जर्मनीत आलोईस अल्झायमर या डॉक्टरांनी एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूत दोन गोष्टी दाखवल्या. पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत पिळा पडलेले धागे. बाहेरचे थर कशाचे आहेत हे कळायला 1984 उजाडलं. बीटा-ॲमिलॉइड हा प्रथिनाचा चाळीस-बेचाळीस अमिनो आम्लांचा छोटा तुकडा. आतले धागे टाऊ नावाच्या प्रथिनाचे. एरवी पाण्यात सुटे राहणारे हे तुकडे एकमेकांना चिकटतात, त्यांचे लहान पुंजके होतात, पुंजक्यांतून तंतू वाढतात, आणि आधी झालेल्या तंतूंच्या अंगावर नवे पुंजके आणखी वेगाने धरतात. ही साखळी कुठेतरी तोडता आली तर आजार रोखता येईल, या कल्पनेवर गेली तीस-पस्तीस वर्षं जगभर काम चालू आहे.

साखळी तोडण्याचे दोन मुख्य मार्ग. एक प्रतिपिंडांचा, म्हणजे ठरावीक प्रथिनाला ओळखून धरणाऱ्या प्रथिनांचा. लेकॅनेमॅब या औषधाला अमेरिकेत 2023 मध्ये मान्यता मिळाली. अठरा महिन्यांच्या चाचणीत आजाराची घसरण साधारण 27 टक्के मंदावली. पण चाचणीत ते दर दोन आठवड्यांनी शिरेतून दिलं होतं आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना हे पाहायला वरचेवर एमआरआय करावा लागतो. सेनगाव किंवा किनवटच्या एखाद्या कुटुंबाला हे कसं जमायचं? दुसरा मार्ग लहान रेणूंचा. गोळी करून देता येईल, स्वस्त पडेल, आणि नीट घडवला तर रक्तातून मेंदूत शिरेल असा रेणू. म्हणून लहान रेणूंचं आकर्षण आहे आणि ते रास्तही आहे. मात्र यशाचा हिशेब कडू आहे. बीटा-ॲमिलॉइडवरचं ट्रॅमिप्रोसेट 2007 मध्ये मोठ्या चाचणीत अपयशी ठरलं. टाऊच्या गुठळ्या रोखणारं मिथिलीन ब्लूचं एक रूप 2016 मध्ये निष्प्रभ ठरलं. टॅफामिडिस हा लहान रेणू मात्र खरोखर यशस्वी झाला, पण तो ट्रान्सथायरेटिन या वेगळ्या प्रथिनावर आणि हृदय व मज्जातंतूंच्या वेगळ्या आजारावर. त्या प्रथिनाला मुळात एक पक्का आकार आहे आणि रेणूला बसायला त्यात ठरलेली खाच आहे. बीटा-ॲमिलॉइडला असा ठरलेला आकारच नाही. हा फरक प्रबंध लिहिणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या प्रकरणात लिहावा असं मला वाटतं.

आता हळद. हिंगोली-नांदेड-परभणी पट्ट्यात हळद म्हणजे नगदी पीक. वसमतच्या बाजारात उन्हाळ्याच्या तोंडाला कांडी आणि गट्टूच्या ढिगांनी वाट उरत नाही. हळदीतला पिवळा घटक म्हणजे कर्क्युमिन, आणि अल्झायमरच्या साहित्यात त्याचा दबदबा जुना आहे. 2005 मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने उंदरांवर दाखवलं की कर्क्युमिन बीटा-ॲमिलॉइडच्या तंतूंना चिकटतं आणि त्यांची वाढ रोखतं. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत अल्झायमरचं प्रमाण फार कमी आढळलं होतं, त्याचा संबंधही अनेकांनी लगेच हळदीशी जोडला. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट भारताने 1997 मध्ये रद्द करवून घेतलं, तेव्हापासून हळदीवरचं संशोधन हा आपल्याकडे अभिमानाचाही भाग झाला. पण रुग्णांवरच्या चाचण्यांनी साथ दिली नाही. हाँगकाँगमधल्या सहा महिन्यांच्या आणि अमेरिकेतल्या चोवीस आठवड्यांच्या अशा दोन छोट्या चाचण्यांत कर्क्युमिनने स्मरणशक्तीला फायदा झाल्याचं दिसलं नाही. ते आतड्यातून रक्तात फारसं जात नाही. शरीराच्या तापमानाला, साध्या उदासीन बफरमध्ये तर अर्ध्या तासात त्याचा बहुतेक भाग विघटित होतो.

विद्यार्थिनीने हे सगळं वाचलं होतं. तिचा विचार सरळ होता: कर्क्युमिन टिकत नाही, तर त्याचा सांगाडा बदलून टिकणारे रेणू तयार करू. मराठवाड्यातल्या सेंद्रिय रसायनशास्त्राच्या विभागांत चाल्कोन, पायराझोल, शिफ बेस अशा प्रकारचे सेंद्रिय रेणू बनवणं हाताखालचं काम आहे, आणि ती हाताची पक्की होती. कर्क्युमिन, त्याची काही रूपं, काही चाल्कोन, दोन-तीन रोडानिन आणि काही पायराझोल अशी मालिका तिने स्वतः बनवली, शुद्ध केली, त्यांचे एनएमआर (रेणूची रचना तपासणारे आलेख) बाहेरून काढून आणले. बीटा-ॲमिलॉइड मिलिग्रॅमच्या हिशेबात विकलं जातं आणि ते परवडणारं नव्हतं. म्हणून तिने कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइम हे प्रथिन घेतलं. आम्लधर्मी द्रावणात, पीएच 2 ला, 57 अंशांवर काही दिवस ढवळत ठेवलं की त्याचे ॲमिलॉइड तंतू होतात. स्वस्त, खात्रीचं, जगभर वापरलं जाणारं मॉडेल.

तिच्या या निवडीमागे आणखी एक कारण होतं. घरी तिच्या आजीला स्मृतिभ्रंश होता. गावात त्याला म्हातारचळ म्हणून सोडून देतात. आजी नातीलाच ‘तू कुणाची गं?’ म्हणून विचारायची.

अडचण

तंतू किती झाले हे मोजायला तिने थायोफ्लेविन-टी वापरलं, आणि ते योग्यच होतं. हा रंग तंतूंच्या खोबणीत अडकला की चकाकतो. 440-450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश टाकायचा, 482 च्या आसपासची चकाकी मोजायची. रेणू न घातलेल्या नळीत चकाकी भरपूर; रेणू घातलेल्या नळीत ती कमी झाली, तर रेणूने तंतू होऊ दिले नाहीत असा अर्थ काढायचा. विद्यार्थिनीच्या तक्त्यात कर्क्युमिनची चकाकी जवळपास तळाला गेली होती. तिची दोन रोडानिन त्याच्या मागोमाग. नंतर चाल्कोन. तळाच्या ओळींत पायराझोल, ज्यांचा परिणाम जेमतेम.

हे आकडे समितीपुढे आले तोवर तीन गोष्टी एकदम पुढे सरकल्या होत्या. एका राष्ट्रीय परिषदेचा सारांश तयार होता. फेलोशिपची मुदत संपत आली होती आणि प्रबंधाआधी दोन शोधनिबंध हवेतच असा मार्गदर्शकांचा आग्रह होता. तिसरी गोष्ट घरातली. तिचे काका एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालक मंडळावर होते. कंपनी पॉलिश केलेल्या कांडीबरोबर हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल काढायच्या विचारात होती. काकांचं म्हणणं सोपं होतं: “पोरी, तुमच्या कॉलेजात सिद्ध झालंय ना? मग पाकिटावर एक ओळ छापू दे. आपल्या मालाला चार पैसे जास्त येतील, लोकांचंही भलं होईल.”

काकांच्या बोलण्यात फसवणूक नव्हती. पुतणीच्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. त्यामुळेच प्रश्न आणखी अवघड झाला होता.

बैठकीत विद्यार्थिनीने नमुन्यांच्या कुप्या टेबलावर मांडल्या होत्या. तक्ता आणि कुप्या शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरली: तक्त्यात वरच्या क्रमांकाचे रेणू गडद पिवळे किंवा केशरी, मधले फिकट पिवळे, आणि तळाचे पायराझोल पांढरे. गुणकारीपणाचा क्रम आणि रंगाचा क्रम एकच होता. निळा प्रकाश टाकून चकाकी मोजायच्या प्रयोगात पिवळा पदार्थ घातला, तर तो निळा प्रकाश आधीच पिऊन टाकतो. मग चकाकी कमी होते ती तंतू नाहीत म्हणून, की प्रकाशच पोचला नाही म्हणून?

हिशेब तिथेच फळ्यावर केला. मिथेनॉलमध्ये कर्क्युमिनचा मोलर शोषणांक (तो प्रकाश किती पितो याचं माप) 425 नॅनोमीटरला 50,000 च्या वर आहे. पाण्यात तो बराच कमी धरला, तरी 50 मायक्रोमोलर द्रावणाचं शोषण एक सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये (प्रकाश आरपार जाणाऱ्या मोजणीच्या नळीत) 2 च्या घरात जातं; शोषण 1 असेल तर प्रकाशाचा दहावा भाग पार होतो, 2 असेल तर शंभरावा. म्हणजे टाकलेल्या प्रकाशाचा क्युवेटच्या मध्यापर्यंत पोचेपर्यंतच दहावा भाग उरतो, आणि चकाकी तर मध्यावरूनच मोजली जाते. तंतू होते तेवढेच असले तरी रीडिंग आपटणारच.

शिवाय आणखी दोन शक्यता होत्या. कर्क्युमिन स्वतः तंतूंना चिकटतं, त्यामुळे ते थायोफ्लेविनची जागा घेऊन त्याला हुसकावू शकतं; तंतू आहेत तिथेच, फक्त चकाकणारा बाहेर पडला. दुसरी शक्यता जास्त फसवी. पाण्यात न विरघळणारे रेणू एकत्र येऊन शेकडो नॅनोमीटरचे कलिली गोळे करतात आणि ते गोळे कुठलंही प्रथिन अंगावर ओढून घेतात. कॅलिफोर्नियातल्या ब्रायन शॉइकेट यांच्या गटाने 2000 नंतरच्या दशकात हे उलगडून दाखवलं, आणि 2008 मध्ये याच गोळ्यांमुळे ॲमिलॉइडची वाढ ‘थांबल्याचं’ दिसतं हेही मांडलं. असा रेणू नळीत जिंकतो, शरीरात त्याचा काही उपयोग नसतो. रोडानिन आणि कर्क्युमिन ही दोन्ही नावं अशा सगळीकडे ‘लागू पडणाऱ्या’ रेणूंच्या बदनाम यादीत आहेत.

समोरचे पर्याय

बैठक लांबली. चार सूचना आल्या.

मार्गदर्शक सरांची सूचना: आहे ते डॉकिंगसह, म्हणजे रेणू प्रथिनावर कसा बसतो याच्या संगणकी हिशेबासह, प्रसिद्ध करू, मर्यादा चर्चेच्या भागात लिहू. सरांवर टीका करणं सोपं आहे, पण त्यांच्यापुढे एका मुलीची संपणारी फेलोशिप होती आणि असे निबंध दर महिन्याला छापून येतात हेही खरं होतं. अडचण डॉकिंगची होती. तिने वापरलेली बीटा-ॲमिलॉइडची रचना 1IYT (प्रथिनरचनांच्या जागतिक संग्रहातला तिचा क्रमांक) ही होती. ती रचना पाण्यात मिळालेली नाही. फ्लोरिन असलेल्या अल्कोहोलच्या मिश्रणात तो तुकडा सर्पिल होतो, तेव्हा टिपलेली आहे. मेंदूतल्या पाणीदार वातावरणात हा तुकडा सतत आकार बदलत असतो. एका गोठलेल्या आकारावर रेणू बसवून आलेला बंधन-ऊर्जेचा आकडा प्रयोगातल्या लायसोझाइमबद्दल काही सांगत नाही आणि मेंदूतल्या बीटा-ॲमिलॉइडबद्दलही फारसं नाही. प्रयोग एका प्रथिनावर आणि संगणक दुसऱ्यावर, ही जोडणी मला मुळातच मान्य नव्हती.

दुसरी सूचना: खरं बीटा-ॲमिलॉइड-42 विकत घेऊन सगळं नव्याने करायचं. ऐकायला सर्वांत शास्त्रीय. पण त्या पेप्टाइडमध्ये आधीपासून थोडे पुंजके असतात, ते आधी मोडून गाळून घ्यावे लागतात, नाहीतर दोन दिवसांची दोन रीडिंग जुळत नाहीत. पैसा गेला असता आणि मापनाची मूळ शंका तशीच राहिली असती, कारण थायोफ्लेविन तिथेही तेच आणि पिवळा रंगही तोच.

तिसरी: नमुने बाहेर पाठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रं आणायची. हवं होतं, पण प्रत्येक नमुन्याचे पैसे आणि तारीख मिळायला काही आठवडे. सगळी मालिका पाठवणं शक्य नव्हतं.

चौथी माझी: प्रयोगशाळेत आज जे आहे त्याच्यावर आधी मापनाचीच परीक्षा घ्यायची, आणि त्यातून उरतील तेवढेच नमुने बाहेर पाठवायचे. एका सदस्याने सुचवलं की शोषणाची गणिती दुरुस्ती करून आकडे सुधारता येतील. ती दुरुस्ती शोषण कमी असताना चालते. शोषण 2 असताना जे उरलंच नाही त्याला गुणाकार करून परत आणण्यासारखं होतं, म्हणून ती बाजूला ठेवली.

निर्णय मात्र विद्यार्थिनीनेच घेतला. ती म्हणाली, “सर, सारांश मागे घेते. आधी हे करून बघते.” परिषदेची तारीख जवळ आलेली असताना हे म्हणणं सोपं नव्हतं, आणि त्या क्षणी मार्गदर्शकांनी तिला अडवलं नाही. दोघांबद्दलचा माझा आदर तिथे वाढला.

काय केलं

पहिली परीक्षा एका दुपारची. रेणू न घालता तयार झालेले, पक्के तंतू घ्यायचे. थायोफ्लेविन घालून चकाकी मोजायची. मग त्याच क्युवेटमध्ये रेणू टाकून लगेच पुन्हा मोजायची. लायसोझाइमचे पक्के तंतू मिनिटभरात विरघळत नाहीत. कर्क्युमिन टाकताच चकाकी जवळपास तितकीच पडली जितकी तिच्या मूळ प्रयोगात पडली होती. केशरी रोडानिनचंही तेच. गडद चाल्कोनचं बरंचसं तसंच. पांढरे पायराझोल टाकल्यावर चकाकी जागची हलली नाही. कर्क्युमिनच्या साखळीतल्या दोन कीटोनांवर हायड्रझीनची क्रिया करून पायराझोलचं कडं केलं की रेणूचं शोषण निळ्यातून अतिनीलाकडे, 330 नॅनोमीटरच्या आसपास सरकतं, त्यामुळे तो थायोफ्लेविनच्या वाटेत येतच नाही. तक्त्याचा वरचा अर्धा भाग त्या एका दुपारी कोसळला.

दुसरी परीक्षा डिटर्जंटची. मूळ प्रयोग 0.01 टक्का ट्रायटन एक्स-100 घालून पुन्हा करायचा. कलिली गोळ्यांमुळे परिणाम दिसत असेल तर डिटर्जंटने गोळे फुटतात आणि परिणाम निघून जातो. यात एक सापळा आहे आणि बरेच जण त्यात अडकतात: डिटर्जंट स्वतःच प्रथिनाच्या चिकटण्यावर परिणाम करू शकतं. म्हणून नुसतं डिटर्जंट घातलेली नळी वेगळी हवी, आणि तुलना तिच्याशीच करायची. डीएमएसओ या द्रावकाचंही तेच, रेणू ज्या डीएमएसओत विरघळवला तेवढंच डीएमएसओ रेणूविना असलेल्या नळीत घालायचं. तिने दोन्ही नळ्या ठेवल्या. मधल्या चाल्कोनपैकी दोघांचा उरलासुरला परिणाम डिटर्जंटने पुसला गेला.

तिसरी परीक्षा प्रकाशावर अजिबात न अवलंबणारी. तंतू होऊ द्यायचे, नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची, तंतू तळाशी बसतात. वरच्या निवळीत किती प्रथिन उरलं ते जेलवर, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या थरावर, पाहायचं. जेल निवडण्यामागे कारण होतं. निवळीचं 280 नॅनोमीटरला शोषण मोजणं सोपं होतं, पण तिथे बेंझीनसारखी कडी असलेले हे रेणूही शोषतात. जेलवर मात्र रेणू पुढे निघून जातो आणि चौदा किलोडाल्टनच्या जागी लायसोझाइमचा पट्टा एकटा उरतो. कर्क्युमिनच्या निवळीतला पट्टा रेणू न घातलेल्या नळीइतकाच फिका होता. म्हणजे प्रथिन नेहमीसारखंच तंतूंत गेलं होतं. एका पायराझोलच्या निवळीत पट्टा स्पष्ट गडद होता.

इथे ती हरखली, आणि साहजिक होतं. पण त्या आठवड्यात रात्री वीज गेली होती आणि तापवणीची मशीन काही तास थंड पडली होती. तंतू धरायला लागेपर्यंतचा काळ तापमानाला आणि ढवळण्याला फार नाजूक असतो. एकाच दिवशी, एकाच खोक्यात ठेवलेल्या दोन नळ्यांतही तो सारखा येत नाही. म्हणून ते सगळं बाद केलं. इन्व्हर्टरची सोय झाल्यावर लायसोझाइमच्या ताज्या द्रावणापासून वेगवेगळ्या दिवशी पुन्हा केलं, प्रत्येक वेळी सोबत रेणू नसलेली नळी. तोवर तिने एकाच नळीतून तीनदा घेतलेलं रीडिंग तीन प्रयोग म्हणून धरलं होतं. ती सवय इथे सुटली. मार्गदर्शकांनी पुढच्या मुलांसाठी वहीत तसा नियमच लिहून ठेवला. पायराझोलचा परिणाम टिकला, पण रेणू प्रथिनाच्या जवळपास बरोबरीने घातला तरच.

मग फक्त तीन नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला गेले: रेणूविना, कर्क्युमिनसह, पायराझोलसह. कर्क्युमिनच्या जाळीवर (सूक्ष्मदर्शकात नमुना ठेवायच्या चकतीवर) तंतू होते. थोडे आखूड वाटले, पण होते, भरपूर. पायराझोलच्या जाळीवर तंतू कमी आणि लहान गोलसर ठिपके जास्त.

निष्पन्न

त्या ठिपक्यांवर समितीत सर्वांत जास्त चर्चा झाली. तंतू कमी झाले हे चांगलं की वाईट? गेल्या वीस वर्षांत बऱ्याच संशोधकांचं मत या बाजूला झुकलं आहे की बीटा-ॲमिलॉइडचे लांब तंतू जितके घातक, त्याहून लहान विरघळणारे पुंजके चेतापेशींना जास्त घातक. रेणू तंतू थांबवून पुंजके वाढवत असेल तर तो औषधाच्या उलट दिशेने जातो आहे. हिरव्या चहातला ईजीसीजी हा रेणूही तंतूंऐवजी वेगळे पुंजके बनवतो, पण ते निरुपद्रवी असल्याचं दाखवायला स्वतंत्र पेशींवरचे प्रयोग लागले होते. इथे तसे प्रयोग नव्हते. पेशींवर करायचं तर पेशी जिवंत आहेत का हे रंगावरून सांगणारी नेहमीची एमटीटी चाचणीही जपून करावी लागते, कारण फिनॉल असलेले रेणू तो रंग स्वतःच बदलून टाकतात आणि मेलेल्या पेशी जिवंत भासतात.

म्हणून प्रबंधाचा दावा एवढाच ठेवला: पायराझोलचा एक रेणू आम्लधर्मी परिस्थितीत लायसोझाइमचे तंतू कमी करतो, हे दोन स्वतंत्र पद्धतींनी दिसलं, तयार होणाऱ्या ठिपक्यांचं स्वरूप ठाऊक नाही, अल्झायमरबद्दल निष्कर्ष नाही. शीर्षकातून अल्झायमर हा शब्द काढला. मार्गदर्शकांना ते जड गेलं. एक पूर्ण प्रकरण मात्र रंगीत रेणूंमुळे मापन कसं फसतं यावर गेलं, मूळ तक्ता आणि पडताळणीचा तक्ता शेजारी-शेजारी. माझ्या मते प्रबंधातला सर्वांत उपयोगी भाग तोच. मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी अर्धा वेळ त्यावरच प्रश्न विचारले आणि तिने प्रत्येकाचं उत्तर स्वतःच्या वहीतून दिलं. प्रबंध उशिरा सादर झाला. फेलोशिपशिवायचे काही महिने तिने शिकवण्या घेऊन काढले. ही किंमत तिने एकटीने मोजली, हे नोंदवलंच पाहिजे.

काकांना समजावणं तिने स्वतःवर घेतलं. तिने त्यांना तयार तंतूंचा प्रयोग करून दाखवला: आधी पडद्यावरची रेघ उंच, पिवळा थेंब टाकला की रेघ खाली. काका म्हणाले, “म्हंजी औषधाने काही केलंच नाही, नुसता उजेड अडला?” यापेक्षा नेमकं वर्णन मी समितीत ऐकलं नव्हतं. पाकिटावरची ओळ छापलीच नाही. आणि ती न छापणं कायद्यानेही गरजेचं होतं: 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या यादीत मेंदूचे विकार आहेत, त्यांच्यावर इलाज असल्याची जाहिरात करता येत नाही. कॅप्सूलचा विचारही कंपनीने लांबणीवर टाकला, कारण मिरीच्या अर्कासोबतच्या तीव्र कर्क्युमिन गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, हे तिने संचालक मंडळाला वाचून दाखवलं. आता पाकिटावर कर्क्युमिनचं तपासलेलं प्रमाण छापतात. घरी आजीला रात्री हळदीचं दूध मिळत राहिलं, कारण तिला ते आवडायचं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी क्रम. तयार तंतूंवर रेणू टाकून पाहण्याची परीक्षा मालिकेतल्या पहिल्याच रेणूवर, म्हणजे कर्क्युमिनवर, पहिल्याच आठवड्यात करता आली असती. नवं काही विकत आणावं लागत नव्हतं. तेव्हा केली असती तर पुढची रोडानिन बनवण्यात गेलेला काळ वाचला असता आणि पायराझोलची मालिका मोठी झाली असती, कारण याच मापनात नीट तपासता येतील असे रेणू तेच होते. रेणू घडवायला घेण्याआधीच त्याचा रंग आणि शोषण विचारात घ्यावं, हे औषधाच्या दृष्टीने विचित्र वाटेल. पण ज्या प्रयोगशाळेत मोजायचं साधन एकच आहे तिथे त्या साधनाला दिसेल असाच रेणू बनवणं शहाणपणाचं आहे.

प्रगती अहवालाच्या नमुन्यात रेणूचं नाव, उतारा (क्रियेतून तो किती हाती आला), वितळणांक, सगळ्याला रकाने होते. प्रयोगाच्या तरंगलांबीला त्याचं शोषण किती, याला नव्हता. तो आता त्या केंद्राने घातला आहे.

लायसोझाइमबद्दल समितीत आजही दोन मतं आहेत. एका सदस्याच्या मते अल्झायमरचं नाव घ्यायचं असेल तर लायसोझाइमला हात लावूच नये. मला हे पटत नाही. आमच्याकडच्या प्रयोगशाळांनी स्वस्त मॉडेलवर मापन पक्कं करावं, रेणू गाळावेत, आणि उरलेले एक-दोन घेऊन ज्यांच्याकडे शुद्ध बीटा-ॲमिलॉइड आणि पेशींची सोय आहे अशा गटाकडे जावं. पण ती भागीदारी प्रबंधाच्या तिसऱ्या वर्षी शोधून चालत नाही, प्रस्ताव लिहितानाच ठरवावी लागते. इथे ती उशिरा जुळली. पायराझोलचा नमुना आता बाहेरच्या एका गटाकडे उदासीन पीएचला, बीटा-ॲमिलॉइड-42 वर तपासायला गेला आहे, आणि परिणाम शून्य निघाला तरी तो दोन्ही गटांच्या नावाने छापायचा, असं पाठवण्याआधीच लेखी ठरलं आहे.